हात वर

पुण्याहून नागपूरला सकाळचं विमान होतं. मावसभावाच्या नातवाची मुंज. लोहगावला पोचले तेव्हा उजाडायचं होतं, पण तपासणीच्या रांगेत अर्धं पुणं उभं होतं. ट्रे एकमेकांवर आपटल्याचे आवाज, "लॅपटॉप बाहर, पावर बँक बाहर, बेल्ट निकालिए" हा जवानाचा एकसुरी जप, कुणाच्या तरी पिशवीतून येणारा बाकरवडीचा वास आणि झोपेतून उठवलेल्या पोरांची रडारड. तेवढ्यात बाजूच्या रांगेत क्रू आला. दोन वैमानिक आणि चार मुली. लोकांनी जागा दिली, पण सरकता सरकता थोडी कुरकुर केलीच. त्यातला मोठा वैमानिक पन्नाशीचा असावा. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, कानशिलावर पांढरे केस. त्याने टोपी ट्रेमध्ये ठेवली, मग घड्याळ, मग बेल्ट, मग बूट. बूट काढल्यावर दिसलं की डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे. तो त्या बुटक्या चौथऱ्यावर चढला आणि जवानाने काही म्हणायच्या आत दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरून उभा राहिला. नजर समोरच्या भिंतीवर, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी. जवान कोवळा पोरगा होता. त्याने डिटेक्टर काखेतून खाली, कमरेभोवती, पोटऱ्यांपर्यंत फिरवला. कमरेपाशी ते यंत्र दोनदा कुरकुरलं.

माझ्या मागच्या आजोबांना राहवलं नाही. "अहो, पावणेदोनशे माणसांचा जीव याच्या हातात देणार, आणि याच्या खिशात नेलकटर आहे का ते बघतायत!" रांग हसली. मीही हसले. वैमानिकाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, तोही किंचित हसला, आणि तेवढ्यात त्याची नजर माझ्या नजरेला भिडली.

मी मोज्याकडे बघत होते, हे त्याला कळलं.

पुढचा सव्वा तास मला तो अंगठा काही सोडेना. विमानात घोषणा झाली, "मी तुमचा कॅप्टन बोलतोय", आवाज खर्जातला, भारदस्त. बाकीच्यांना त्या आवाजात भरवसा ऐकू येत असेल, मला मोज्यातून डोकावणारा अंगठा दिसत होता. नागपूरला उतरताना वारं होतं, विमान दोनदा हेलकावलं, शेजारच्या बाई अथर्वशीर्ष पुटपुटायला लागल्या. चाकं टेकली ती अशी अलगद, की दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवावं. उतरताना कॉकपिटचं दार उघडं होतं. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, काय ते ठाऊक नव्हतं. "थँक यू" म्हणून मी पुढे झाले. मुंजीत भिक्षावळ झाली, पंगती झाल्या, आणि मधूनच ते पसरलेले हात आठवायचे. मोज्याचं समजू शकते, हातांचं काय एवढं, ते कळेना.

माझी भाची गार्गी केबिन क्रूमध्ये आहे. मरोळला दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि तिच्या आठवड्याला वार नसतात, फक्त रोस्टर असतं. नागपूरहून तिला फोन केला आणि आजोबांचं वाक्य ऐकवलं. ती खळखळून हसली. म्हणाली, "मावशी, नेलकटरचं काय घेऊन बसलीस, कॉकपिटमध्ये कुऱ्हाड असते." मला खरं वाटेना. आग लागली तर पत्रा फोडायला खरोखरीची कुऱ्हाड ठेवलेली असते, म्हणे. म्हणजे बाहेर ज्याच्याकडे छोटी कात्री सापडली तर अडवतील, तो आत जाऊन कुऱ्हाडीशेजारी बसतो. आणि कुऱ्हाड तरी कशाला हवी, अख्खं विमानच त्याच्या हातात असतं. जगभरचे वैमानिक वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत आणि त्यावर पटकन उत्तर सुचत नाही. अमेरिकेत तर 2002 च्या कायद्याने प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाला कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायची परवानगी आहे. त्याच्या बॅगेत चाकू शोधण्यात काय हशील?

गार्गीचा वैताग वेगळा होता. तिला छळतात त्या अंबाड्याच्या पिना. नियमाप्रमाणे एक केस सुटता कामा नये, म्हणून पिनांवर पिना, आणि डिटेक्टर डोक्याजवळ आला की बोंब मारतो. पडद्यामागच्या त्या चिंचोळ्या खोपटात रोज नवी बाई, तिचे हात कधी गार, कधी घामट. "एखादी हळू तपासते, एखादी पोतं चाचपावं तशी. त्याआधी ऑफिसात नळीत फुंकायचं, दारू प्यालेली नाही म्हणून. पहाटे साडेतीनला, मावशी! मी रात्री पिठलं-भात खाऊन झोपलेली असते." मग जरा थांबून म्हणाली, "पण तपासण्याचं काही नाही गं. लोक बघतात ना, त्याचं वाटतं. पाच मिनिटांनी त्यांनाच सीटबेल्ट लावा म्हणून दटावायचं असतं."

यावर मी काही बोलले नाही. मोज्याचं तिला सांगितलं नाही.

आपल्याकडे तपासणीला सुरक्षेपेक्षा मानाचा वास जास्त येतो. देवळात व्हीआयपी दर्शन, टोलनाक्यावर वेगळी रांग, लग्नात आहेराच्या याद्या, तशीच विमानतळावर ती पाटी असते, तपासणीतून कुणाकुणाला सूट आहे त्याची. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री, दलाई लामा. मी ती नेहमी वाचते. वाचताना बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवरची ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ खालची नावं वाचल्यासारखं वाटतं, कोण कुणाच्या वर आलं, कोण राहिलं. वैमानिक त्या पाटीवर नाहीत. आणि आजोबांचं खरं दुखणं तेच होतं असं मला वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं करतात, हे त्यांना सोसलं नाही. तपासणं म्हणजे अपमान आणि सूट म्हणजे मान, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की सुरक्षेचा विचार त्यानंतर सुचतो.

अब्दुल कलामांची गोष्ट आठवते. नाव त्या पाटीवर, तरी एप्रिल 2009 मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या विमानात बसताना एका परदेशी कंपनीच्या लोकांनी त्यांची झडती घेतली. ते गप उभे राहिले आणि विमानात जाऊन बसले. बाहेर कुणाला कळलंसुद्धा नाही. जुलैमध्ये बातमी फुटली तेव्हा संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. 2011 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा तेच. यावेळी तर विमानात बसल्यावर त्यांचं जाकीट आणि बूट तपासायला नेले. देश खवळला, अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा मीही खवळले होते, स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले होते. आता मला त्या तीन महिन्यांचं कुतूहल वाटतं, एप्रिल ते जुलै. ज्याची झडती झाली त्याला ती कुणाला सांगावीशीही वाटली नव्हती.

नागपूरहून परतल्यावर आमच्या घरी जुने फोटो काढायचं निमित्त झालं आणि मला हातांचं कोडं उलगडलं. ते हात अण्णांचे होते.

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते, जिथे नोटा छापतात. आमच्या जेल रोडच्या घरात घड्याळ होतं, पण दिवस प्रेसच्या भोंग्यावर चालायचा. पाळी सुटली की कामगार रांगेने गेटवर येत आणि प्रत्येकाची झडती होई. रोज. तीसेक वर्षं, सुट्ट्या वगळून. मी लहानपणी एकदा आईबरोबर बाहेर उभी राहून त्यांची वाट पाहिली होती. दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण अपमान नव्हता. कंटाळा होता, थकवा होता, आणि बाहेर पाऊल पडल्यावर सगळ्यांचा खांदा एकदम सैल व्हायचा. सायकली काढायची धांदल, मग हसणं, तंबाखूच्या पुड्या. अण्णांच्या डब्याचं झाकण कधीच नीट लागलेलं नसे, कारण तो उघडून दाखवलेला असायचा. आईला त्या झाकणाचा फार राग. पिशवीला कालवणाचा डाग पडायचा.

मी कॉलेजात गेले, चार इंग्रजी शब्द शिकले, आणि एकदा जेवताना अण्णांना म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का? रोज चोर समजून चाचपतात." अण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "झडती झाली की मी मोकळा. उद्या बंडल कमी भरलं तर साहेब रजिस्टर बघेल, माझ्याकडे बघणार नाही. बिनझडतीचा जो सुटतो ना, त्याच्याकडेच सगळे बघतात." मला तेव्हा ते फार गरीब उत्तर वाटलं होतं. मालकाने शिकवलेलं वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना शिर्डीला घेऊन गेलो. दर्शनाच्या रांगेत तपासणी आली आणि पोलीस अजून पुढच्या माणसाशी बोलत होता, तोच अण्णांचे हात वर गेले. आडवे, सरळ, नजर लांब. आम्ही पोरं फिदीफिदी हसलो. त्यांनीही लाजून हात खाली घेतले.

मग मी वाचायला लागले. शिक्षकी पेशा सुटला तरी सवय सुटत नाही, एखादी गोष्ट टोचली की तिचं मूळ शोधायचं. आणि त्यात 7 डिसेंबर 1987 ही तारीख सापडली. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक छोटं विमान. त्यात विमान कंपनीतून नुकताच काढून टाकलेला एक माणूस होता. विमानात विकलेल्या दारूच्या पैशांतले 69 डॉलर चोरल्याचा ठपका होता त्याच्यावर. त्याने दयेची याचना केली होती, साहेबाने ती मानली नव्हती, आणि तो साहेब त्याच विमानाने रोज घरी जायचा. बडतर्फ माणसाचं ओळखपत्र काढून घ्यायचं राहून गेलं होतं. त्या काळी कर्मचाऱ्याने ओळखपत्र दाखवलं की तपासणी नसे. त्याच्याकडे मित्राकडून आणलेलं पिस्तूल होतं. उलटी करायच्या कागदी पिशवीवर त्याने साहेबासाठी चार ओळी लिहिल्या, आधी साहेबाला आणि मग वैमानिकांना गोळ्या घातल्या. विमान डोंगरात सरळ खाली गेलं. 43 माणसं. त्यानंतरच अमेरिकेत नियम झाला की क्रू असो वा कर्मचारी, सगळ्यांनी तपासणीतून जायचं.

हे वाचून मी बराच वेळ चहा तसाच ठेवला. पिस्तुलाचं भय वाटलं ते वेगळं. मला छळत राहिलं ते ओळखपत्र. ते त्याच्याकडे राहिलंच कसं? कुणीतरी कागदावर सही केली असेल, कुणाला तरी आठवण राहिली नसेल. दारावरच्या माणसाने चेहरा ओळखला असेल, मान हलवली असेल, "कसा आहेस" म्हणाला असेल. ओळखीच्या माणसाला थांबवणं किती अवघड असतं! अण्णांच्या गेटवरची माणसंही त्यांच्या गल्लीतली असायची, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात वाढायला असायची. तरी रोज हात फिरायचा. रोज, सगळ्यांचा, म्हणून तर त्यात कुणाचं काही बिघडत नसे. एक दिवस एकालाच तपासलं असतं तर दुश्मनी झाली असती.

सव्वासहा वर्षांनी, एप्रिल 1994 मध्ये, मेम्फिसहून सुटलेल्या मालवाहू विमानात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनियर पाहुणा म्हणून चढला. बरोबर गिटारची पेटी. त्याच्यावर खोट्या नोंदींबद्दल चौकशी चालू होती. पेटीत हातोडे होते आणि मासे मारायचा भाला. जखमा अपघाताच्या वाटाव्यात म्हणून हातोडे, आणि आपल्यामागे कुटुंबाला विम्याचे पैसे मिळावेत म्हणून सारा बेत. क्रूच्या तिघांनी डोकी फुटलेल्या अवस्थेत त्याच्याशी झुंज दिली आणि विमान परत उतरवलं. तिघेही जगले, पण पुन्हा कधी नोकरीत विमान चालवू शकले नाहीत. त्याला कुणी गिटार उघडून दाखव म्हटलं नव्हतं. का म्हणेल? आपलाच माणूस.

गणवेश ही फार मोहक गोष्ट आहे. आपण चेहऱ्याकडे बघतच नाही, खांद्याकडे बघतो. 5 सप्टेंबर 1986 ला पहाटे मुंबईहून कराचीला पोचलेल्या पॅन ॲमच्या विमानात चार अपहरणकर्ते चढले, ते विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचा गणवेश घालून, सुरक्षेच्या गाडीसारखी सजवलेली व्हॅन घेऊन. त्या विमानातल्या हवाई सुंदरीबद्दल, नीरजा भनोतबद्दल, आपण सगळे बोलतो, बोलायलाच हवं. तिने कॉकपिटला इशारा दिला, वैमानिक वरच्या झडपेतून बाहेर पडले, विमान जमिनीवरच राहिलं, आणि तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना ती गेली. पण त्या गणवेशांबद्दल आपण कमी बोलतो. त्यांना ज्यांनी अडवायला हवं होतं अशा प्रत्येकाने त्या कपड्यांकडे पाहून वाट सोडली असणार. गार्गी या नोकरीला लागली तेव्हा तिच्या आईने देवाला अभिषेक केला होता. मी तिला नीरजाचं सांगितलं होतं, मोठेपणाच्या आवाजात. गणवेशाचं सांगायला मलाही सुचलं नव्हतं.

इथवर आले तेव्हा मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं, अण्णा बरोबर होते. पण मग मार्च 2015 येतो. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणारं जर्मन विमान. कॅप्टन लघवीला गेला, सहवैमानिकाने आतून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या उतारावर नेऊन आपटलं. 150 माणसं. त्याच्या खिशात काही नव्हतं. त्या दिवशी त्याला दहादा तपासला असता तरी यंत्र कुरकुरलं नसतं. आणि दार? 2001 च्या हल्ल्यांनंतर बाहेरच्या माणसाने आत येऊ नये म्हणून भक्कम केलेलं दार, त्याच दाराने आतल्या माणसाला सांभाळलं. बाहेरून कॅप्टन दार ठोठावत राहिला. मनात काय आहे ते बघायचा डिटेक्टर नाही, हे आजोबांच्या वाक्याचंच दुसरं टोक आहे, आणि ते मला खोडता येत नाही. फक्त एवढंच वाटतं, की झडती मन बघायला नसतेच. बॅगेत काय आहे ते बघायला असते. क्रूच्या माणसाच्या मनात काही नसलं तरी त्याच्या बॅगेत दुसऱ्या कुणीतरी काही टाकलेलं असू शकतं. त्याच्या घरी कुणीतरी त्याच्या मुलापाशी बसलेलं असू शकतं. ज्याची बॅग कधीच उघडत नाही, ती बॅग वाईट माणसांना हवीहवीशी वाटणारच.

अमेरिकेने मधला रस्ता काढून पाहिला. 2011 पासून वैमानिकांसाठी, आणि पुढे केबिन क्रूसाठीही, वेगळं दार. ओळखपत्र दाखवा, संगणकात नाव जुळलं की आत, फक्त अधूनमधून कुणाला तरी अवचित तपासायचं. शहाणपणाचं वाटतं ना? मलाही वाटलं. मग मार्च 2016 मध्ये लॉस एंजेलिसला अशाच एका अवचित तपासणीत एका हवाई सुंदरीचा नंबर लागला. तिने फोनवर बोलत बोलत बॅगा तिथेच टाकल्या, बूट काढून टाकले आणि उलट्या दिशेने सरकत्या जिन्यावरून अनवाणी पळाली. बॅगेत तीस किलोच्या आसपास कोकेन. आणि 2024 मध्ये दोन संगणक-संशोधकांनी दाखवून दिलं की छोट्या विमान कंपन्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका वेबसाइटमधून त्या यादीत कुणाचंही नाव घुसवता येत होतं. त्याच साली मस्कतहून कन्नूरला आलेल्या विमानातली एक क्रू मेंबर जवळपास किलोभर सोनं शरीरात लपवून आणताना पकडल्याची बातमी आपल्याकडे आली. ती बातमी आल्यावर महिनाभर गार्गीला सोसायटीतला वॉचमनसुद्धा विचारायचा, "मॅडम, आज कितना सोना लाया?" ती हसून घालवायची. एकदा नाही हसली. मला फोन करून रडली. मी तिला अण्णांचं वाक्य सांगितलं, बिनझडतीच्याकडे सगळे बघतात ते. ती म्हणाली, "पण मावशी, माझी तर रोज झडती होते."

याला अण्णांकडे काय उत्तर असतं कोण जाणे.

मला स्वतःला एक जुनं दुखणं आहे, ते इथे सांगून टाकते. दहावीच्या परीक्षेला मुलींना तपासायचं काम आम्हा बायकांकडे असायचं. कंपासपेट्या उघडायच्या, पॅड उलटं करून बघायचं, बाह्या, कमर. भरारी पथक येणार म्हणून त्या दिवशी मुख्याध्यापकांनी जरा जास्तच कडक राहायला सांगितलं होतं. एका मुलीच्या कमरेशी काहीतरी जाड लागलं. मी म्हटलं, "काढ." ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. मागे रांग होती. कापडाची घडी होती ती, आणि कसली, हे मला बाई असून क्षणभर उशिरा कळलं. मुलगी रडली नाही. वर्गात गेली, जागेवर बसली, पेपर लिहिला. मी तीन तास त्याच वर्गावर होते. तिच्या बाकावरून अनेकदा गेले, पुरवणी दिली, सही केली. "चुकलं गं माझं" एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तपासायला हवंच होतं, हे मी आजही म्हणेन, त्याच वर्षी पकडलेल्या कॉप्यांनी अर्धी बादली भरली होती. पण ‘काढ’ असं नव्हतं म्हणायचं. एक पडदा लावता आला असता. एक वर्ग मोकळा होता.

म्हणून मला सूट नको वाटते आणि तो चौथराही नको वाटतो. क्रूसाठी वेगळी खोली असावी, जिथे भोकाचा मोजा बघायला पावणेदोनशे माणसं नसतील. काही ठिकाणी क्रूसाठी वेगळी रांग आहेही. पण वेगळी रांग म्हटलं की आपल्याला लगेच वाटतं, बघा, यांचे लाड. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान अपहरण करून कंदहारला नेलं गेलं आणि त्यानंतर 2000 साली जयपूरपासून सुरुवात करून विमानतळ सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, हाती आले. त्या जवानांनाही कुणी कधी विचारलं असेल का, दिवसाला शेकडो अनोळखी अंगांवरून हात फिरवताना तुमच्या हातांना काय वाटतं? नागपूरला मला तपासणारी मुलगी विशीतली होती. पडदा ओढून घेतला, "आंटी, हात उपर" म्हणाली. माझे हात आधीच वर होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "क्रू में हैं क्या?" मी नाही म्हटलं. तिला कोण आणि किती सांगणार.

मागच्या आठवड्यात गार्गी दोन दिवस आली होती. चुलत बहिणीचं लग्न आहे, साडीवर ब्लाउज माझ्याकडूनच शिवून हवा, बाजारातले बसत नाहीत. आल्या आल्या आरशासमोर बसून तिने अंबाडा सोडला. एकेक पिन काढून माझ्या कुंकवाच्या वाटीत टाकत गेली, टिण टिण, मी मोजल्या, एकवीस निघाल्या. मग मी टेप गळ्यात घेऊन तिला खिडकीपाशी उभी केली. "जरा हात..." म्हणेपर्यंत तिने ते पसरले होते. आडवे, सरळ, नजर समोरच्या इमारतीच्या पलीकडे. टेप मी तिच्या पाठीमागून फिरवून पुढे आणला, आणि हात थोडा थरथरला.

"गार आहेत गं तुझे हात," ती म्हणाली. "झालं की सांग."

मी टेप सोडला, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, आणि पुन्हा माप घेतलं. चौतीस.